रंगाचा त्याग आणि स्मृतीची जबाबदारी : काही आधुनिक कृष्णधवल चित्रपटांचा विचार

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) दाखवण्यात आला. चित्रपटानंतरच्या चर्चेत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यातली वस्ती रिकामी करण्याची दृश्ये त्या वेळीच चित्रित केलेली आहेत ना?” वर्गात हशा पिकला. प्रस्तुत लेखकानेही घाईने “नाही, हा सगळा अभिनय आहे” असे उत्तर देऊन विषय पुढे नेला. पुढे विचार करता असे लक्षात आले, की त्या विद्यार्थ्याने अज्ञानातून नव्हे, तर एका दृश्यसंकेतावर पूर्ण विश्वास ठेवून तो प्रश्न विचारला होता. जे कृष्णधवल आहे ते जुने आहे आणि जे जुने आहे ते खरे आहे, असे ते साधे समीकरण होते. दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या ज्या विश्वासावर चित्रपट उभा केला होता, तोच विश्वास त्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे बोलून दाखवला होता.

प्रस्तुत लेखाचा उगम त्या अनुत्तरित प्रश्नात आहे. रंगीत चित्रण सर्वत्र सुलभ झाल्यानंतरच्या काळात जे दिग्दर्शक जाणीवपूर्वक रंग नाकारतात, ते नेमके काय साधतात? त्यांचे कृष्णधवल चित्रण केवळ गतकाळाविषयीची हुरहुर आहे, की त्यामागे काही नैतिक भूमिका आहे? या प्रश्नांच्या अनुषंगाने लेखकाला विशेष प्रिय असलेल्या पाच चित्रपटांचा विचार येथे केला आहे. तुलनेसाठी सहाव्या एका चित्रपटाचा आधार घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : कृष्णधवल हा भूतकाळाचा रंग नाही. आज आठवणाऱ्याने किंवा पाहणाऱ्याने घेतलेली ती एक भूमिका आहे. जो चित्रपट ही भूमिका आपली आहे असे मान्य करतो तो श्रेष्ठ ठरतो, आणि जो ती लपवून स्वतःला पुरावा म्हणून पुढे करतो तो आपल्या सामर्थ्यानेच प्रेक्षकाची दिशाभूल करू शकतो.

अपरिहार्यतेकडून निवडीकडे

चित्रपटाच्या इतिहासात दीर्घकाळ कृष्णधवल ही निवड नव्हती, ती परिस्थिती होती. भारतात ‘किसान कन्या’ (१९३७) या चित्रपटाने रंगाचा आरंभ केला, तरी पुढील तीन दशके बहुसंख्य चित्रपट कृष्णधवलच राहिले, कारण रंगीत फिल्म आणि तिच्यावरील प्रक्रिया दोन्ही महाग होत्या. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये काही भाग रंगीत आणि उर्वरित कृष्णधवल आहे. मराठीत जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) हा रंगयुगातही कृष्णधवल राहिलेला चित्रपट आपल्या पिढीने पाहिला आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला चित्रपटात रंग नाही याची वेगळी जाणीव होत नसे.

रंग ही सर्वसाधारण अवस्था झाली आणि हा अर्थ पालटला. जे सहज उपलब्ध आहे ते नाकारले की त्या नकाराला अर्थ प्राप्त होतो. अनवाणी चालणारा निर्धन मनुष्य आणि अनवाणी चालणारा वारकरी यांचे पाय सारखेच पोळतात, परंतु दोघांच्या अनवाणीपणाचा अर्थ एक नसतो. १९६० च्या चित्रपटातील कृष्णधवल आणि २०१३ च्या चित्रपटातील कृष्णधवल यांत असाच भेद आहे. याच्या नेमकी उलट क्रियाही आपण अनुभवली आहे. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, तर ‘नया दौर’ (१९५७) २००७ मध्ये. जुन्यावर रंग चढवणे आणि नव्यातून रंग काढणे या दोन्ही क्रिया वर्तमानातील मनुष्य भूतकाळावर करतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

येथे तंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण समीक्षेत त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. कृष्णधवल फिल्म प्रकाशाचे प्रमाण नोंदवते. लाल फूल आणि हिरवे पान यांची करडी छटा तिच्यावर जवळजवळ एकसारखी येऊ शकते. म्हणून छायालेखक भिंगापुढे रंगीत काच लावत असे. तांबड्या काचेमुळे निळे आकाश गडद होते आणि पांढरे ढग उठून दिसतात. आज बहुतेक कृष्णधवल चित्रपट डिजिटल कॅमेऱ्यावर प्रथम रंगीत चित्रित होतात आणि मागाहून त्यांतील रंग काढला जातो. त्या वेळी कोणता रंग किती करडा दिसावा हे स्वतंत्रपणे ठरवता येते. म्हणजे करडा रंग तटस्थ नसतो. आकाश किती काळे आणि चेहरा किती उजळ, हे कुणीतरी ठरवलेले असते. ‘रंग नाही म्हणजे ढवळाढवळ नाही’ हा समज तंत्राच्या पातळीवरच टिकत नाही.

संकेताची घडण

कृष्णधवल म्हणजे भूतकाळ हा संकेत दृढ करणाऱ्या कलाकृतींत फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’ (१९५६) या सुमारे बत्तीस मिनिटांच्या माहितीपटाचे स्थान मोठे आहे. नाझी छळछावण्यांच्या ओस पडलेल्या जागा रेने यांनी रंगीत चित्रित केल्या. तेथे गवत वाढले आहे, आकाश निळे आहे. त्यांच्या मधोमध युद्धकालीन कृष्णधवल चित्रफिती व छायाचित्रे येतात. वर्तमान रंगीत आणि भूतकाळ कृष्णधवल अशी ही विभागणी आहे. परंतु रेने यांच्या मांडणीचे सामर्थ्य असे, की तेथे रंगच अधिक अस्वस्थ करतो. एवढे घडून गेल्यानंतरही गवत हिरवेच उगवते, ही जाणीव त्या हिरव्या रंगाने होते.

पुढे क्लोद लाँझमान यांनी ‘शोआ’ (१९८५) या साडेनऊ तासांच्या चित्रपटात एकही जुनी चित्रफीत वापरली नाही. वाचलेले लोक, साक्षीदार आणि अपराधी वर्तमानात बोलतात, आणि सगळे रंगीत आहे. संहाराविषयीचा हा अत्यंत कठोर चित्रपट रंगीत आहे, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गांभीर्य आणि कृष्णधवल यांचा संबंध अपरिहार्य नाही. म्हणून ज्याने रंग काढला आहे त्याला ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला पोहोचतो.

‘शिंडलर्स लिस्ट’ : पुराव्याचा आभास आणि त्याची कबुली

स्पिलबर्ग आणि छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी ‘शिंडलर्स लिस्ट’चा बहुतांश भाग कृष्णधवल ठेवला. हातात धरलेला कॅमेरा, युद्धवार्तापटासारखी धावपळ आणि करडा प्रकाश यांमुळे १९४३ च्या मार्चमध्ये क्राकोची ज्यू वस्ती रिकामी करण्याचा प्रसंग एखाद्या सापडलेल्या चित्रफितीसारखा वाटतो. आमच्या विद्यार्थ्याची गफलत येथेच झाली, आणि ती व्हावी अशीच या दृश्यांची रचना आहे. या चित्रपटावर लाँझमान यांनी घेतलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत. जे दाखवता येणार नाही ते पुन्हा रचून दाखवणे त्यांना मान्य नव्हते.

तथापि हा चित्रपट आपला आभास शेवटपर्यंत टिकवत नाही, आणि त्यातच त्याचे मोल आहे. त्याचा आरंभ रंगीत आहे. शब्बाथच्या मेणबत्त्या जळत असतात. ज्योत विझते, धुराची रेघ वर जाते आणि तिचाच पुढे आगगाडीच्या कृष्णधवल धुराशी मेळ घातला जातो. वस्तीतील गोंधळात एका लहान मुलीचा कोट लाल दिसतो. टेकडीवरून घोड्यावर बसून पाहणाऱ्या शिंडलरची दृष्टी त्या कोटाचा पाठलाग करते. पुढे प्रेतांच्या गाड्यावर तोच कोट पुन्हा दिसतो. हा लाल रंग दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या खांद्यावर ठेवलेला हात आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो पूर्णतः निराधार नाही. सहस्रावधी मृत्यूंपैकी एकच मृत्यू आपल्याला जाणवावा म्हणून तो निवडून दिला आहे. परंतु त्याच कोटामुळे हेही उघड होते, की हे चित्र कुणीतरी रचले आहे. १९४३ च्या कोणत्याही सापडलेल्या कृष्णधवल चित्रफितीत एकच कोट लाल असू शकत नाही.

शेवटी जेरुसलेममधील शिंडलरच्या कबरीवर प्रत्यक्ष वाचलेली वृद्ध माणसे आणि त्यांच्या भूमिका केलेले नट एकत्र येऊन दगड ठेवतात, तेव्हा पडदा रंगीत होतो. नट आणि मूळ व्यक्ती शेजारी उभ्या राहिल्याने आतापर्यंत पाहिले ते अनुकरण होते, हे चित्रपट स्वतःच सांगतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या शेवटच्या काही मिनिटांत होते. आम्ही मात्र दिवे लावण्याच्या घाईत ते त्याला दाखवून दिले नाही.

‘द व्हाइट रिबन’ : स्वच्छ प्रतिमेतील संशय

ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेके यांच्या ‘द व्हाइट रिबन’ला २००९ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील, १९१३-१४ मधील उत्तर जर्मनीतील एका प्रोटेस्टंट खेड्यात विचित्र अपघात आणि क्रूर शिक्षा घडू लागतात. डॉक्टरांचा घोडा ताणून बांधलेल्या तारेला अडखळतो, एक मूल बांधून मारले जाते, कोठाराला आग लागते. संशय हळूहळू गावातील मुलांकडे वळतो. धर्मोपदेशक आपल्या मुलांच्या दंडाला व केसांना पांढरी फीत बांधतो. ती निर्मळतेची आठवण म्हणून आहे, परंतु प्रत्यक्षात ती अपमानाची खूण बनते.

छायालेखक क्रिस्तियान बेर्गर यांनी हा चित्रपट रंगीत फिल्मवर चित्रित केला आणि नंतर संगणकावर त्यातील रंग काढला. मेणबत्ती व तेलाच्या दिव्यांच्या मंद उजेडात रंगीत फिल्म अधिक संवेदनशील ठरते, हे त्याचे एक कारण होते. परिणामी प्रतिमा इतकी रेखीव आणि निष्कलंक झाली आहे, की ती जुन्या छायाचित्रासारखी दिसतच नाही. तिच्यात ओरखडे नाहीत, पिवळेपणा नाही. हे भूतकाळाचे सोंग नव्हे. धर्मोपदेशकाच्या घरातील शिस्तीसारखीच ही प्रतिमा स्वच्छ आहे आणि त्याच शिस्तीसारखी भयावह आहे. पांढरी फीत रंगीत चित्रपटात एक वस्तू म्हणून दिसली असती. येथे संपूर्ण चित्रपटच तिच्या रंगाचा झाला आहे.

याहून महत्त्वाची बाब निवेदनाची आहे. गावातील शाळामास्तर वृद्धापकाळी ही कथा सांगतो आणि आरंभीच कबूल करतो, की तो सांगतो ते सर्व खरे आहे किंवा नाही याची त्याला खात्री नाही. कित्येक गोष्टी त्याने केवळ ऐकल्या आहेत. एका बाजूस लखलखीत स्पष्ट प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूस अनिश्चित निवेदन, असा हा विरोध आहे. डोळ्यांना सर्व दिसते, पण गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत सिद्ध होत नाही. काळा आणि पांढरा हे आपल्या भाषेतही न्यायनिवाड्याचे रंग आहेत. हानेके तेच दोन रंग वापरून निवाडा मात्र देत नाहीत. पुढे हीच मुले प्रौढ झाल्यावर त्यांच्या देशात काय घडले हे प्रेक्षक जाणतो. चित्रपट ते उच्चारत नाही आणि कारणपरंपरेचा सोपा धागाही हाती देत नाही.

‘इडा’ : डोक्यावरची रिकामी जागा

पावेल पावलिकोव्स्की यांचा ‘इडा’ (२०१३) पोलंडमध्ये १९६२ च्या सुमारास घडतो. मठात वाढलेली अनाथ ॲना संन्यासाची शपथ घेण्यापूर्वी आपल्या एकमेव नातलगाला, वांडा या मावशीला भेटते. तिला कळते, की ती ज्यू आहे, तिचे खरे नाव इडा लेबेन्श्टाइन आहे आणि युद्धकाळात तिचे आईवडील मारले गेले. दोघी त्यांच्या अस्थींच्या शोधात निघतात. त्यांना लपवणाऱ्या पोलिश शेतकरी कुटुंबातील माणसानेच त्यांना मारले, हे सत्य अखेर त्याच जंगलात एक खड्डा खणून बाहेर येते.

जवळजवळ चौकोनी चौकट आणि बहुतांशी स्थिर कॅमेरा ही या चित्रपटाची वैशिष्ट्ये आहेत. पात्रे चौकटीच्या तळाशी ठेवली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर मोठी रिकामी जागा सोडली आहे. ही जागा काहींना परमेश्वराची वाटते, काहींना त्याच्या अनुपस्थितीची, तर काहींना इतिहासाच्या ओझ्याची. छायालेखक रिशार्ड लेंचेव्स्की व लुकाश झाल यांचे करडे रंग मऊ आहेत. येथे लख्ख पांढरा आणि गर्द काळा यांचा संघर्ष नाही. वांडा स्वतः स्टालिनकालीन सरकारी वकील होती. अनेकांना तिने मृत्युदंडापर्यंत पोहोचवले आहे. इंग्रजी उपशीर्षकांत ती स्वतःला ‘रेड वांडा’ म्हणते. ज्या चित्रपटात लाल रंग कुठेच नाही, तेथे हा एक शब्द रंगासारखा उमटतो. बळी कुटुंबातील स्त्री स्वतः दुसऱ्यांना बळी देणारी आहे. तिच्यासाठी काळा किंवा पांढरा यांपैकी कोणताही रंग पुरेसा नाही.

‘इडा’ला २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला पोलिश चित्रपट होय. त्याच सुमारास पोलंडमधील काही राष्ट्रवादी संघटनांनी आक्षेप घेतला, की जर्मन ताब्याचा उल्लेख करणारे निवेदन चित्रपटास जोडावे, अन्यथा पोलिश समाजाची प्रतिमा मलिन होते. या वादावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कृष्णधवल चित्रणाने भूतकाळ शांत होत नाही. काचेच्या कपाटात ठेवलेल्या जुन्या छायाचित्रावर कुणी आक्षेप घेत नाही. ‘इडा’वर घेतला गेला, कारण त्यातील प्रश्न वर्तमानातील होता.

शेवटी इडा मावशीचे कपडे घालून एक रात्र संसारी जगात काढते. भविष्याची स्वप्ने सांगणाऱ्या तरुणाला ती ‘आणि मग?’ असे विचारत राहते. सकाळी ती पुन्हा संन्यासिनीचा वेष करून रस्त्याने चालू लागते. आतापर्यंत स्थिर असलेला कॅमेरा तिच्यासमोर हलत, डोलत मागे सरकू लागतो. ती मठाकडे जात असली तरी आता तो तिचा स्वतःचा निर्णय आहे, हे कॅमेऱ्याच्या त्या हालचालीतून कळते.

‘रोमा’ : कुणाची आठवण?

मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचा ‘रोमा’ (२०१८) हा त्यांच्या बालपणातील घराचा आणि ते घर सांभाळणाऱ्या मोलकरणीचा चित्रपट आहे. मेक्सिको शहरातील रोमा वस्ती, १९७० व १९७१ हा काळ. क्लेओ ही मिश्तेक आदिवासी तरुणी घरात काम करते. यालित्सा आपारिसियो यांनी ही भूमिका केली आहे. क्वारोन यांना वाढवणाऱ्या लिबो यांना हा चित्रपट अर्पण केला आहे. छायालेखनही क्वारोन यांचेच असून त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

येथील कृष्णधवल डिजिटल आहे आणि ते लपवलेले नाही. जुन्या फिल्मचा रवाळपणा त्यात मुद्दाम आणलेला नाही. आरंभी फरशीवर पाणी ओतले जाते. त्या साबणपाण्यात आकाशाचा तुकडा दिसतो आणि त्यातून एक विमान जाते. घरात कॅमेरा एका जागी उभा राहून सावकाश वळतो. ही आठवण मुलाची आहे, परंतु पाहणारा डोळा प्रौढ आहे आणि तो मध्ये हस्तक्षेप करू शकत नाही. एका दृश्यात सर्व कुटुंब सोफ्यावर बसून दूरचित्रवाणी पाहते. क्लेओ शेजारी जमिनीवर टेकते आणि एक मुलगा तिच्या खांद्यावर हात टाकतो. तेवढ्यात मालकीण तिला डॉक्टरसाहेबांचा चहा आणायला सांगते आणि ती उठते. आपल्याकडे कामवाल्या बाईबद्दल ‘ती घरातल्यासारखीच आहे’ असे म्हटले जाते. त्यातील ‘सारखी’ या शब्दाचा संपूर्ण अर्थ या दृश्यात आहे.

काही समीक्षकांनी असा आक्षेप घेतला, की क्लेओला स्वतःचे मन आणि स्वतःची वाणी पुरेशी मिळालेली नाही आणि तिच्या सोशिकतेलाच सौंदर्य बहाल झाले आहे. हा आक्षेप गंभीर आहे. सुंदर करड्या छटांत मढवलेले कष्ट पाहणाऱ्याला सुखद वाटू शकतात, हा कृष्णधवल चित्रणाचा सर्वांत मोठा धोका होय. १० जून १९७१ रोजी विद्यार्थ्यांवर झालेला हिंसाचार, त्या गोंधळात क्लेओला सुरू झालेल्या प्रसूतिवेदना आणि मृत जन्मलेली मुलगी ही दृश्यमाला पाहताना आपण छायालेखनाचे कौतुक करू लागतो काय, असा प्रश्न पडतो. तरी लेखकाच्या मते समुद्रकिनाऱ्याच्या दृश्यात चित्रपट या आक्षेपाला उत्तर देतो. पोहता न येणारी क्लेओ बुडणाऱ्या मुलांसाठी लाटांत शिरते. कॅमेरा न तुटता तिच्यासोबत सरकत राहतो. मुले वाचतात, सर्वजण तिला बिलगतात आणि तेव्हा ती म्हणते, की ती मुलगी जन्माला यावी असे तिला वाटत नव्हते. त्या घराच्या आठवणींच्या कोणत्याही चौकटीत हे वाक्य बसत नाही. मालकाच्या मुलाने रचलेल्या स्मृतीत मोलकरणीचे जे दुःख मावत नाही, त्याला चित्रपटाने जागा करून दिली आहे. घरी परतल्यावर मात्र ती पुन्हा कपडे घेऊन गच्चीचा जिना चढते. प्रेमाने व्यवस्था बदलली नाही, हेही दिग्दर्शक लपवत नाही.

दोन भारतीय उदाहरणे

वरील चारही चित्रपट दूरच्या भूतकाळाकडे पाहतात. वर्तमानच कृष्णधवल केले तर काय होते, याची दोन भारतीय उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत, आणि दोहोंचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे.

पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (२०२१) पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परिसरात घडतो. कपाडिया तेथील विद्यार्थिनी होत्या. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. ‘एल’ नावाच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रियकराला लिहिलेली पत्रे सापडली आहेत, अशी कल्पना करून तो रचला आहे. जातीच्या भेदामुळे प्रियकराच्या घरच्यांनी हा संबंध तोडला आहे. या काल्पनिक पत्रांच्या भोवती २०१५ मधील संस्थेतील १३९ दिवसांचा संप आणि पुढे देशातील अन्य विद्यापीठांतील आंदोलने यांचे प्रत्यक्ष चित्रण येते. बहुतांश प्रतिमा कृष्णधवल आणि रवाळ आहेत. अधूनमधून रंगाचे तुकडे येतात.

घटना अवघ्या पाचसहा वर्षांपूर्वीच्या, तरी त्या अर्धशतकापूर्वीच्या वाटतात. येथे ‘शिंडलर्स लिस्ट’च्या उलट क्रिया आहे. तेथे भूतकाळ वर्तमानासारखा जिवंत करण्यासाठी कृष्णधवल वापरले, येथे वर्तमान विसरले जाण्याआधीच अभिलेखागारात जमा करण्यासाठी. ही पोरे अंधारात नाचतात, भिंतींवर लिहितात, वाद घालतात आणि पाहणाऱ्याला वाटते, की आपण पुढील पिढीच्या डोळ्यांनी स्वतःकडेच पाहत आहोत. पत्रे काल्पनिक आणि आंदोलन खरे, हा संकर येथे उघड आहे. प्रेमभंगाची खासगी वेदना आणि जातिव्यवस्थेचा सार्वजनिक प्रश्न एकाच करड्या प्रतलावर येतात, आणि त्यांना वेगळे काढता येत नाही हेच चित्रपटाचे म्हणणे आहे.

अनुभव सिन्हा यांचा ‘भीड’ (२०२३) हा हिंदी चित्रपट मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतरच्या श्रमिकांच्या स्थलांतराविषयी आहे. टाळेबंदीच्या काळातील हे स्थलांतर फाळणीच्या स्थलांतरासारखे होते, हे सूत्र त्याच्या प्रसिद्धीतूनच पुढे आले होते आणि कृष्णधवल चित्रण त्याच सूत्रासाठी आहे. हेतू सच्चा आहे. नाक्यावर नेमलेल्या, स्वतः दलित असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या रूपाने सत्ता आणि जात यांचा गुंता चित्रपट धैर्याने मांडतो. परंतु कृष्णधवल चित्रणाविषयी शंका राहते. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ लोहमार्गावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र महाराष्ट्रातील वाचक विसरलेला नाही, आणि ते छायाचित्र रंगीत होते. त्या काळाची आपली सर्व स्मृती मोबाइलच्या रंगीत पडद्यावरची आहे. तिच्यातून रंग काढल्याने ती १९४७ च्या जवळ जाते, पण आपल्यापासून दूर जाते. फाळणीच्या छायाचित्रांतील गांभीर्य उसने घेण्याच्या प्रयत्नात आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीची जबाबदारी किंचित सैल होते. कपाडिया यांनीही वर्तमान दूर नेले आहे, परंतु पत्रांच्या कल्पनेमुळे ते दूर नेणारा हात आपल्याला दिसतो. ‘भीड’मध्ये तो दिसत नाही, असे लेखकाचे नम्र मत आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आधुनिक चित्रपटातील कृष्णधवल ही शैली नसून निवड आहे, म्हणून तिचे समर्थन प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्रपणे द्यावे लागते.

२. तंत्रदृष्ट्याही करडा रंग तटस्थ नाही. प्रतिमेतील प्रत्येक छटेमागे निर्णय असतो.

३. श्रेष्ठ कृष्णधवल चित्रपट आपण रचना आहोत याची कबुली कुठे ना कुठे देतात. ‘शिंडलर्स लिस्ट’ शेवटच्या रंगीत दृश्यातून, ‘द व्हाइट रिबन’ निवेदकाच्या अनिश्चिततेतून, ‘इडा’ चौकटीच्या रिकाम्या जागेतून, ‘रोमा’ क्लेओच्या त्या एका वाक्यातून आणि कपाडिया यांचा चित्रपट सापडलेल्या पत्रांच्या कल्पनेतून ही कबुली देतो.

४. दुःख सुंदर दिसणे हा या माध्यमाचा अंगभूत धोका आहे. तो टाळता येत नाही, मात्र त्याची जाणीव ठेवता येते.

आज कोणत्याही मोबाइलवर एका स्पर्शात काल काढलेले छायाचित्र शंभर वर्षांपूर्वीचे दिसू शकते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कधीच न घडलेल्या प्रसंगाचे ‘जुने’ छायाचित्र निर्माण करता येते. अशा काळात ‘कृष्णधवल म्हणजे खरे’ हे समीकरण केवळ रसग्रहणाचा प्रश्न राहत नाही. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र अशा कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला ते वर्गात भेटणार आहे. म्हणून असा चित्रपट दाखवताना रंग कुणी काढला, का काढला आणि काढल्याची कबुली कुठे दिली, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत असे सुचवावेसे वाटते.

त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. त्याला असे सांगायला हवे होते, की ही दृश्ये त्या वेळची नाहीत, परंतु ती त्या वेळची वाटावीत असे कुणाला तरी वाटले आणि त्याने ते शेवटी मान्यही केले. मग चित्रपटाची शेवटची दहा मिनिटे त्याला पुन्हा दाखवायला हवी होती, आणि वर्गातील हशा त्यापूर्वी थांबवायला हवा होता.